हिवतापाची गोळी घ्यावी की नको? आधी मुक्कामाचे ठिकाण पाहा

नागपूर : समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरकरांनाही आता स्कूबा डायव्हिंगचे आकर्षण वाटू लागले आहे. अंदमान, मालदीव, झांझिबार, इंडोनेशिया अशी ठिकाणे सहलींच्या यादीत दिसतात. विमानाचे तिकीट आणि हॉटेल ठरले, की एक प्रश्न मात्र हमखास शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. हिवताप टाळण्यासाठी आधीच गोळ्या घ्याव्यात काय?

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मालदीवला २०१५ मध्ये, तर श्रीलंकेला २०१६ मध्ये हिवतापमुक्त घोषित केले. तेथे जाणाऱ्याने गोळ्या घेण्याचे कारण नाही. याउलट झांझिबार, तसेच इंडोनेशियाच्या पापुआ भागातील राजा आम्पात येथे जाणाऱ्यांना प्रतिबंधक औषधाचा सल्ला दिला जातो. अंदमान-निकोबारमधील रुग्णसंख्या पूर्वीच्या तुलनेत बरीच घटली आहे. मात्र, खाऱ्या वाऱ्यात डास नसतात, हा समज चुकीचा आहे. तेथे हिवताप पसरविणारा अ‍ॅनॉफिलिस सुंडाइकस हा डास मचूळ पाण्यातच वाढतो.

पाणबुड्याची अडचण वेगळी

सामान्य पर्यटकाला चालणारे औषध पाण्याखाली उतरणाऱ्याला चालेलच असे नाही. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या मेफ्लोक्विनमुळे चक्कर येणे, तोल जाणे, मानसिक अस्वस्थता असे त्रास संभवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये याबाबत कडक इशारा दिला. वीस मीटर खोलीवर आलेली चक्कर जीवावर बेतू शकते. शिवाय तिचे कारण औषध आहे की दाबातील बदल, हे ओळखणेही कठीण जाते.

भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, प्रवासाच्या दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत सुचविले आहे. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांना ते वर्ज्य आहे. त्याने त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते, ही बाब दिवसभर बोटीवर राहणाऱ्याने लक्षात घ्यावी. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हा पर्याय परतल्यावर सातच दिवस घ्यावा लागतो. कोणतीही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

घरचा धोका अधिक

‘आपण डासांतच वाढलो, आपल्याला काय होते’ हा युक्तिवाद टिकणारा नाही. वारंवार लागण झाल्याने येणारी अंशतः प्रतिकारशक्ती शहरी नागपूरकराकडे नसते आणि असली तरी ती काळानुसार ओसरते. विरोधाभास असा, की मालदीवला निघताना गोळीची चौकशी करणारे कुटुंब भामरागड-हेमलकशाच्या सहलीला मच्छरदाणीविनाच निघते. वास्तविक राज्यातील हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा सोसत आहे. प्रतिबंधाची गरज अंतरावरून नव्हे, तर मुक्कामाच्या ठिकाणावरून ठरते.

गोळी घेतली तरी मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळविणारे मलम यांना पर्याय नाही. व्हायव्हॅक्स प्रकारचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनीही ताप आणतात. त्यामुळे परतल्यानंतर ताप आल्यास तातडीने रक्ततपासणी करावी आणि कोठे प्रवास केला, हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे. सहलीच्या खर्चात या तपासणीचा खर्च नगण्य आहे. विलंबाची किंमत मात्र फार मोठी ठरू शकते.