छोट्या हत्तीचे मोठे ओझे

पाऊण टन भार वाहण्यासाठी २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एस या चिमुकल्या मालवाहनाला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव बहाल केले. या नावात कौतुक आहे, तसाच एक गैरसमजही दडलेला आहे. हत्तीच्या पाठीवर किती ठेवले याचा हिशेब कोणी करीत नाही. आणि हीच बेफिकिरी छोटा हत्ती, पिकअप, टेम्पो आणि ट्रॅक्टरची ट्रॉली या सर्वांच्या वाट्याला आली आहे. मागची चाके दबलेली, तोंड वर उचललेले आणि हौद्यातील गोण्या टपाच्याही वर गेलेल्या, अशी वाहने राज्यातील कोणत्याही रस्त्यावर दिसतात. रोज दिसतात म्हणूनच ती कोणाला खटकत नाहीत.

वस्तुतः यातील गणित शाळकरी मुलालाही जमेल इतके सोपे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहनाच्या नोंदणीत दोन वजने लिहिलेली असतात : रिकाम्या वाहनाचे वजन आणि भरलेल्या वाहनाचे कमाल वजन. पहिला आकडा दुसऱ्यातून वजा केला की उरते ती वाहनाची भारक्षमता. समजा, रिकामे वाहन १,६०० किलोंचे आहे आणि कमाल वजन २,९०० किलो ठरले आहे. तर त्यावर १,३०० किलोंहून अधिक भार घालता येणार नाही. मालकाने हौदा उंच करण्यासाठी दीडशे किलोंचे लोखंड जोडले, तर मालासाठी १,१५० किलोच उरतात. व्यवहारात नेमके उलटे घडते. हौदा उंच झाला की माल अधिक मावतो आणि जे मावते ते पेलतेच, असे गृहीत धरले जाते. मावणे आणि पेलणे यांतील हा फरक विसरला जातो, तेथूनच अपघाताची वाट सुरू होते.

दुसरा भ्रम स्प्रिंगच्या पाट्यांचा. गाडी मागून बसू लागली की गॅरेजमध्ये एक-दोन पाटे वाढवून घ्यायचे आणि तिची ताकद वाढली असे समजायचे, हा सार्वत्रिक प्रघात आहे. पाटे वाढवल्याने गाडी बसायची थांबते, एवढेच. तिचे ब्रेक, टायर, आस आणि चाकांचे बेअरिंग होते तेच राहतात. उलट, गाडी दबली तर निदान पाहणाऱ्याला धोका दिसतो. पाटे वाढवले की धोका तेवढाच राहून तो दाखवणारी खूण मात्र नाहीशी होते. समान वेगाने जाणाऱ्या वाहनाचे एकूण वजन दीडपट झाले, तर ते थांबवण्यासाठी ब्रेकना दीडपट ऊर्जा जिरवावी लागते. ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. घाट उतरताना ब्रेक तापून निकामी होतात ते यामुळे. आणि डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक तर इंजिनाचा उरलासुरला आधारही स्वहस्ते काढून टाकतो.

ओढण्याच्या क्षमतेबाबतचे अज्ञान याहूनही मोठे आहे. पाठीवर घेतलेला भार आणि मागे जोडून ओढलेला भार यांचे नियम वेगळे आहेत. चाकांवरचा बोजा ओढायला तुलनेने सोपा असतो. कठीण असते ते त्याला थांबवणे. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पाहावेत. सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर ट्रॉल्यांना ओढतो. उतारावर ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसल्याने तो सारा रेटा एकट्या ट्रॅक्टरला पेलावा लागतो. चढावर पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकेनासे होते. शिवाय ट्रॉलीचा जो भार जोडणीच्या आकड्यावर टेकतो, तो ओढणाऱ्या वाहनाच्या पाठीवरचाच भार असतो, हेही कोणी ध्यानात घेत नाही. अशा ट्रॉल्या मागे दिवा नाही आणि परावर्तक नाही अशा स्थितीत रात्री रस्त्यावर उभ्या असतात, तेव्हा त्यांच्यावर आदळणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या दिसतात त्या शेवटच्या क्षणी.

याच हौद्यांतून माणसेही नेली जातात. वऱ्हाडी, शेतमजूर, यात्रेकरू यांना उभ्याने कोंबून पिकअप घाटात घातली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप कोसळली आणि त्यांतील अनेकींना प्राण गमवावे लागले. गोण्या एका जागी राहतात; उभी माणसे वळणावर एका बाजूला कलतात आणि आधीच उंच गेलेला गुरुत्वमध्य वाहनाला आणखी अस्थिर करतो. गाव ते देवस्थान एस.टी.ची सोय नसेल, तर लोक मालवाहनात चढणारच, हे सत्यही येथे नजरेआड करून चालणार नाही.

कायदा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये असा दंड ठरवला. दंड भरला म्हणजे जादा माल घेऊन पुढे जाण्याचा परवाना मिळाला असे नव्हे, तो माल उतरवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच स्पष्ट केले आहे. शिक्षेस पात्र केवळ चालवणारा नव्हे, तर चालवायला लावणारा वा चालवू देणाराही आहे. तरीही रस्त्यावर अडवला जातो तो चालक. माल भरणारा व्यापारी, ठेकेदार आणि वाहनमालक नामानिराळे राहतात.

चालक लोभी आहे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. खरे कारण भाड्यात आहे. एकाने टनाऐवजी दीड टन नेला की बाजारातील भाव त्या दीड टनावर ठरतो. मग नियमाने चालणाऱ्याला डिझेल आणि बँकेचा हप्ता यांची तोंडमिळवणीही करता येत नाही. म्हणजे नियमाची ढिलाई ही गरीब चालकावरची दया नसून त्याच्यातील प्रामाणिकाला दिलेली शिक्षा आहे.

उपाय दूर नाही. प्रत्येक साखर कारखान्याच्या दारात वजनकाटा आहे. उसाचे पैसे वजनावरच द्यायचे असल्याने तेथे प्रत्येक ट्रॉलीचे वजन होते आणि त्याची पावती फाडली जाते. बाजार समित्यांत आणि खडीच्या खाणींवरही मालाचे वजन झाल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. पैशासाठी जे वजन काटेकोरपणे मोजले जाते, तेच सुरक्षिततेचा प्रश्न येताच अज्ञात कसे होते? याच पावतीवर वाहनाची नोंदलेली क्षमता छापावी, मर्यादेबाहेरच्या खेपेची जबाबदारी माल भरणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावरही टाकावी, ट्रॉलीला ब्रेक व परावर्तक असल्याखेरीज तिला काट्यावर घेऊ नये. यासाठी नवा कायदा नको, नवी यंत्रणाही नको. पुरावा रोज तयार होतो आहे, तो वाचण्याची इच्छा तेवढी हवी. ती आजवर दिसलेली नाही आणि तिची किंमत मात्र ज्यांनी तो माल भरलाही नाही आणि विकलाही नाही, अशी रस्त्यावरची माणसे मोजत आहेत.