‘पुढे पाठवा’ म्हणजे कुठे?

व्हिडिओ लॅरिंजोस्कोप आणि फायबरऑप्टिक नसलेल्या थिएटरात अवघड श्वासमार्गाच्या रुग्णाला हातच लावू नये, पुढे पाठवावं, असं एका तज्ज्ञांनी लिहिलंय. वाचून डोकं तापलं.

पुढे म्हणजे कुठे? जठराला भोक पडलेलं, नाडी १३०, गुटख्याने जबडा इतका आखडलेला की तोंडात जेमतेम एक बोट जातं, असा माणूस रात्री दोनला तालुक्याच्या रुग्णालयात येतो. जिल्ह्याला न्यायचं तर घाट उतरून अडीच तास. तोवर आम्ल पोटभर पसरतं, रक्तदाब कोसळतो. वाटेत उलटी झाली, श्वास अडकला, तर १०८च्या डॉक्टरांनी हलत्या गाडीत हा घसा कसा सांभाळायचा? धोका तसाच राहतो, मृत्यू तेवढा आपल्या रजिस्टरमध्ये येत नाही. याला मी सुरक्षितता म्हणणार नाही.

अशा एकाला मी जागंच ठेवलं. रायल्स ट्यूबने पोट रिकामं केलं. नाकात थेंब आणि जेली, घशात ४ टक्के लिग्नोकेनचा फवारा. अर्धवट बसवून नाकातून नळी सरकवली, टोकाला कान लावला. आवाज मोठा येईल तिकडे वळवायची, दर श्वासाला थोडी आत. तो खोकला आणि गरम हवा माझ्या कानावर आली. झोपेचं औषध त्यानंतर. सर्जन मानेवर खूण करून, ब्लेड उघडून शेजारी उभे होते.

आणि नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी, बूजी, म्हणे जुगाड! १९४९पासून ती वापरात आहे. २०१५च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांतही सगळं हुकल्यावर उरतं ते १० नंबरचं ब्लेड, बूजी आणि ६ची नळी. मानेवरचा तो छेद भूलतज्ज्ञाने घ्यायचा की सर्जनने, यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. रुग्ण निळा पडत असताना हुद्दा बघायचा नसतो. ज्याच्या हाताशी ब्लेड, त्याने घ्यावा.

आणि उद्या काही बिघडलं तर कोर्टात काय सांगणार? जे केलं ते, वेळेसकट लिहिलेलं.

रुग्ण स्थिर असेल, हाताशी वेळ असेल, तर जरूर पाठवा. यंत्र मागायचंच तर आधी कॅप्नोग्राफ मागा. नळी अन्ननलिकेत गेलीय हे स्टेथोस्कोपने हमखास कळत नाही. भूल देण्याआधी पहिला प्रयत्न कोणता, फसला तर पुढे काय, मान कधी उघडायची, हे सिस्टरला ऐकू जाईल असं बोला. आणि सराव करा. आम्ही खाटकाकडून बोकडाची श्वासनलिका आणतो, टेबलावर ठेवतो, आणि ब्लेड आळीपाळीने सगळ्यांच्या हातात जातं.