घारापुरीला जाताय? मग जेवूनच या

परवा भाचीचा एडिंबरोहून फोन आला. डिसेंबरात येतेय, बरोबर तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातलं एक स्कॉटिश जोडपं आहे. "मावशी, त्यांना एलिफंटा दाखवायचंय. सकाळची पहिली बोट धरली तर दीडपर्यंत परत येऊन कुलाब्यात जेवता येईल ना?"

येईल की. गेटवेहून तासाभराचा प्रवास, वर चढायला वीसेक मिनिटं, लेण्यात अर्धा तास, फोटो, आणि परत. बहुतेक मंडळी असंच करतात. पण मला ते पटत नाही, आणि या वयात न पटलेलं बोलून टाकावं असं माझं मत झालंय.

याच भाचीनं मला २०१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर नेलं होतं. १९९५ पासून तिथे पूल आहे, त्यामुळे गाडी थेट बेटावर जाते आणि गर्दीही अफाट. एका गाडीपुरते रस्ते, समोरून कुणी आलं की कडेला थांबून वाट द्यायची. तिथली माणसंही उन्हाळ्यातल्या गर्दीला कंटाळलेली असतात म्हणे. पण आम्ही दोन रात्री एका बाईंच्या घरी राहिलो. सकाळी त्यांनी ओटची लापशी आणि धुरावलेला मासा वाढला. (लापशीत मीठ! मी गुपचूप साखर मागून घेतली.) कुठला डोंगर कधी बघायचा, पाऊस कुठून येईल हे त्यांनीच सांगितलं. आज मला तिथल्या डोंगरांची नावं आठवत नाहीत, त्या बाई मात्र आठवतात.

आता आपलं घारापुरी. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. मुंबईकरांना ते मुंबईचं वाटतं तो भाग वेगळा. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं आहेत बेटावर. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिथे कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. समोर मुंबई रात्रभर झगमगत होती आणि इथे संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर. लेणी मात्र १९८७ पासून जागतिक वारसा! दगडाला मान मिळून एकतीस वर्षं झाल्यावर माणसांच्या घरात दिवा लागला.

शिवाय पाहुण्यांना बेटावर रात्री मुक्काम करू देत नाहीत. स्कायच्या त्या बाईंसारखं चार पैसे घेऊन पाहुणा ठेवावा म्हटलं तर ती सोयच नाही. तिथल्या माणसांना पाहुणा मिळतो तो दिवसातले चार-पाच तास. त्यातही तो डबा घरून आणणार, पाण्याची बाटली गेटवेला घेणार, आणि रिकामी बाटली तेवढी बेटावर ठेवून जाणार. मग त्यांना काय मिळालं?

हे मी कुणाला शिकवायला सांगत नाही, कारण मी स्वतः हेच केलंय. १९८३ च्या जानेवारीत शाळेची सहल घेऊन गेले होते. साठ मुलं, आम्ही तीन शिक्षक. पायऱ्यांवर एक बाई बोरं-चिंचा घेऊन बसली होती. मुलं तिकडे वळली तशी मी ओरडले, "कुणी काही घ्यायचं नाही, घाण असतं ते!" तिला ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गातला आवाज तो, दुसरा नव्हताच माझ्याकडे. दुपारी आमचं पाणी संपलं. मुलं रडकुंडीला आली. तेव्हा त्याच बाईनं घरून हंडा आणला. बेटावर पाण्याची काय किंमत असते हे मला तेव्हा कळत नव्हतं. पाण्याचे पैसे तिनं घेतले नाहीत. मग मी ओशाळून बोरं घेतली, त्यांचे मात्र चोख मोजून घेतले. मी तिची माफी मागितली नाही. बाई होते ना शाळेतली.

असो. भाचीला मी जे कळवलंय ते इथेही लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. पनवेलकरांनी गेटवेला जायलाच हवं असं नाही. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल झालीय, बेलापूरला गाडी बदलायची. उरणजवळच्या मोरा बंदरातून घारापुरीला लाँच जाते. फेऱ्या कमी असतात, आदल्या दिवशी वेळ विचारून घ्या. आणि लाइफ जॅकेट मिळालं की अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं गेली.

उतरल्यावर धक्क्यापासून छोटी गाडी आहे, नातवंडांना आवडते. पुढे शंभराच्या वर पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीत बसवून नेणारे गडी मिळतात. संकोच करू नका, तीही त्यांची रोजीच आहे.

पायऱ्या चढायच्या आधी खालीच जेवणाचं सांगून ठेवा. माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच. तांदळाची भाकरी, त्या दिवशी जो मासा असेल त्याचं कालवण, बोंबील मिळाले तर तळलेले. मासे न खाणाऱ्यांना वरण-भात, भाजी करून देतात. आधी सांगितलं की घाईनं गरम केलेलं खावं लागत नाही. वाटेत काकडी, कैरी, उन्हाळ्यात ताडगोळे. हातात उघडं खाणं धरून चालू नका, माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत.

मुख्य लेण्यात गेल्यावर लगेच मोबाइल वर करू नका. आतल्या अंधाराला डोळे सरावू द्या. ते तीन मुखांचं शिल्प मी वर्गात वर्षानुवर्षं ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणून शिकवलं. आता अभ्यासक सांगतात की तिन्ही मुखं शिवाचीच, तो सदाशिव. आपल्या डावीकडचं उग्र, उजवीकडचं कोमल, हाती कमळ घेतलेलं, आणि मधलं मिटल्या डोळ्यांचं, शांत. शेजारी डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. मूर्तींचे हातपाय तुटलेले पाहून हळहळतो आपण, पण तो मधला चेहरा पाहताना बाकी काही दिसत नाही. सहाव्या शतकातलं काम आहे. दहा मिनिटं नुसतं बसा.

वेळ उरला तर वर टेकडीवरच्या तोफा बघा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव ठेवलं तो मात्र बेटावर नाही. तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. पाहुण्यांना तो दुसऱ्या दिवशी दाखवता येईल.

भाचीचं उत्तर आलंय. पाहुण्यांना बोंबील चालतील, पण तिला स्वतःला काटे नकोत. मी म्हटलं, तुझ्यासाठी वरण-भात सांगू. मीही जाणार आहे बरोबर, खुर्चीत बसून. डिसेंबरअखेर बोरं आलेली असतात.