शस्त साहस आणि वैद्याचा दाखला

साहसी छंदांची ओढ समाजात वाढते आहे, आणि आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो. चाळिशी ओलांडलेली माणसे आज समुद्रात बुडी मारतात, आंबोलीच्या धुक्यात डोंगर तुडवतात, सायकलीवरून कोकण किनारा पालथा घालतात. बैठ्या कामाने शिणलेल्या पिढीला शरीराची आठवण होणे हे सुचिन्हच मानले पाहिजे. परंतु ही माणसे निघण्यापूर्वी वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतात, तेव्हा त्यांना बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. एक म्हणजे "या वयात नसते धाडस कशाला?" आणि दुसरे म्हणजे बलवर्धक चूर्णाचा डबा. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'साहस' हा शब्द आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकाचार्यांनी निदानस्थानात शोषाची जी चार कारणे सांगितली, त्यांत साहस हे पहिले आहे. दुर्बळाने बलवानाशी झुंजणे, न पेलणारे धनुष्य ओढणे, अतिभार वाहणे, अतिवेगाने लांबचा मार्ग चालणे आणि पाण्यात फार दूरवर पोहत जाणे अशी उदाहरणे तेथे आली आहेत. येथे साहस म्हणजे स्वतःच्या बलाचा विचार न करता केलेले कर्म. तेच आचार्य सूत्रस्थानातील 'न वेगान् धारणीय' अध्यायात साहसाचा वेग आवरावा असे सांगताना त्याला 'अशस्त' असे विशेषण लावतात. याच अध्यायात व्यायामाचे गुण आहेत, अतिव्यायामाचे दोष आहेत, हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांत आहे, आणि सवयी बदलण्याचा पादांशिक क्रमही आहे. हे चारही विषय एकाच अध्यायात यावेत, यात आम्हांला एक सुसंगत विचार दिसतो. साहस शस्त की अशस्त हे त्या कर्मावर जितके अवलंबून असते, तितकेच ते करणाऱ्याच्या बलावर, त्याच्या अभ्यासावर आणि काळावर अवलंबून असते. ते ठरविण्याचे साधन दशविध परीक्षेत आहे. तिच्यातील व्यायामशक्ती, सत्त्व, सात्म्य आणि वय ही चार पदे पाठ म्हणण्यापुरती उरली असतील, तर दोष शास्त्राचा नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. पुढे तारकर्ली-मालवण परिसरात स्कूबा डायव्हिंग रुजले आणि किनाऱ्यावरील अनेक तरुणांना त्यातून रोजगार मिळाला. पोहता न येणारा पर्यटकही प्रशिक्षकाच्या हाताला धरून प्रवाळ पाहून येतो. यात गैर काही नाही. परंतु खोलीचे नियम सर्वांना सारखेच लागू असतात. दहा मीटर खाली शरीरावरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. मध्यकर्णातील दाब समतोल झाला नाही, तर दोन-तीन मीटरवरच कान ठणकू लागतो आणि हट्टाने खाली गेल्यास कर्णपटल फाटू शकते. टाकीतील हवा घेऊन वर येताना श्वास रोखला, तर प्रसरण पावणाऱ्या हवेने फुप्फुसाला इजा होते. म्हणून तमकश्वास, अपस्मार, हृद्रोग, कर्णस्राव यांचा इतिहास असणाऱ्यांनी आणि गर्भिणींनी तज्ज्ञाच्या तपासणीवाचून या वाटेला जाऊ नये.

येथे औषध दुकानदार बांधवांचा संबंध येतो. बांदा हे मुंबई-गोवा महामार्गावरील सीमेचे गाव. येणारा-जाणारा पर्यटक आपल्या दुकानाशी थांबतोच. "सर्दी आहे, उद्या बुडी मारायची आहे, नाक मोकळे होईल असे काही द्या," ही मागणी निरुपद्रवी वाटते, पण ती तशी नाही. नाक मोकळे करणाऱ्या थेंबांचा परिणाम पाण्याखाली असतानाच ओसरला, तर वर येताना कानात व नाकाजवळील पोकळ्यांत हवा कोंडते. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी तंद्री येते. वैद्यांपैकी कोणी अशा वेळी नस्य किंवा कर्णपूरण सुचवीत असेल, तर त्यानेही थांबावे. अष्टांगहृदयात नस्यास अयोग्य असणाऱ्यांत नुकत्याच स्नान केलेल्याबरोबर स्नान करू इच्छिणाराही सांगितला आहे. मग समुद्रात शिरू इच्छिणाऱ्याविषयी काय बोलावे? पडद्याला छिद्र आहे की नाही हे न पाहता कानात तेल घालणे तर सर्वथा वर्ज्य. प्रतिश्याय असेल तर बुडी पुढे ढकलावी, हाच खरा सल्ला. त्यात दुकानदाराची विक्री बुडते, हे आम्ही जाणतो. गिऱ्हाइकाचा कान वाचतो, हेही जाणतो.

दुसरी गोष्ट परतीच्या प्रवासाची. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि सकाळी मालवणात बुडी, संध्याकाळी विमान असा बेत शक्य झाला. बुडीनंतर रक्तात व धातूंत विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. एका साध्या बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळावा, असा मान्य संकेत आहे. उथळ पर्यटकी बुडीत धोका अल्प असतो. खोल व वारंवार बुड्या मारणाऱ्याने मात्र आंबोलीचा घाट चढण्याआधीही प्रशिक्षकाला विचारावे. बुडीनंतर सांधे दुखणे, अंगाला मुंग्या येणे, चक्कर किंवा दम लागणे ही लक्षणे दिसली, तर त्याला वातव्याधी समजून तेल चोळत बसू नये. रुग्णाला प्राणवायू देऊन तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे. आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा अशा वेळी रुग्ण वेळेत पाठविण्यातच आहे.

ऋतूचाही विचार हवा. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकाळात व वसंतात अर्धशक्तीने व्यायाम करावा आणि इतर काळी त्याहून कमी, असा वाग्भटांचा दंडक आहे. आपल्याकडे पर्यटकांची झुंबड उडते ती मे महिन्यात, म्हणजे ग्रीष्मात, बल सर्वांत क्षीण असताना. रात्रभर गाडी हाकून आलेला, जागरण व मद्यपान झालेला मनुष्य सकाळी होडीत बसतो. त्याला थांबवणारे कोणी तरी हवे.

शस्त साहसाचा आदर्श शोधायला दूर जावे लागत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ऊर्जितावस्थेस आणलेला मल्लखांब पाहा. त्यावर पहिल्याच दिवशी कोणी उलटा लटकत नाही. लाकडाला एरंडेल, अंगाला सराव आणि शेजारी गुरू, अशा क्रमाने ती विद्या अंगी मुरते. २०२४ मध्ये या क्षेत्रातील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली, तो या संथ अभ्यासाचाही सन्मान होय. रापण ओढणाऱ्या गाबिताचे बलही असेच बालपणापासूनचे सात्म्य आहे. आठवडाभराच्या रजेवर आलेल्या पाहुण्याने त्याच्याशी स्पर्धा करू नये.

हीच कसोटी जीवनशैलीच्या नव्या प्रयोगांनाही लावावी. कोणी दिवसातून दोनदाच जेवतो, कोणी अन्न शिजवणेच सोडतो, कोणी पहाटे भाजीचे रस पितो. प्रयोग करणाऱ्यांचा उपहास करणे आम्हांस मान्य नाही. परंतु सवय एकाएकी न मोडता चतुर्थांशाने सोडावी व चतुर्थांशाने धरावी, हा पादांशिक क्रम त्यांना आपण सांगतो का? मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना जेवण वगळल्यास साखर घसरते, हे सांगतो का? 'नैसर्गिक' ते निर्धोक, या समजाला तर उत्तर दिलेच पाहिजे. कडू लागणाऱ्या दुधीचा रस प्राणघातक ठरू शकतो आणि तो पिऊ नये, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात बजावले आहे.

वैद्याच्या दाखल्याने सर्व अपघात टळतील, असा आमचा दावा नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीस स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक दगावले. तो प्रश्न होडीचा, लाटांचा आणि सुरक्षा-साधनांचा होता. तथापि आपल्या हाती जेवढे आहे, तेवढे तरी चोख असावे. यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. व्यायामशक्ती, श्वास, रक्तदाब आणि कान प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणत्याही वैद्याने साहसी खेळासाठी योग्यतेचा दाखला देऊ नये. शंका असल्यास कर्णतज्ज्ञाकडे किंवा हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. दुकानदारांनी बुडीच्या आदल्या दिवशी सर्दीचे औषध मागणाऱ्यास दोन वाक्यांत धोका समजावावा, आणि घटकांची नोंद नसलेली ताकदीची चूर्णे दुकानात ठेवूच नयेत. आणि प्रत्येक वैद्याने वर्षातून एकदा तरी स्वतःची व्यायामशक्ती तपासून पाहावी. जिने चढताना ज्याला धाप लागते, त्याच्या सल्ल्याला वजन कोठून येणार?