अमेरिका पाहायची तर बाबासाहेबांच्या डोळ्यांनी पाहा

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. या बाजारात आता बैलाच्या दातांइतकीच ट्रम्पची चर्चा होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले तेव्हा चहाच्या टपरीवरचा प्रत्येक जण अर्थतज्ज्ञ झाला होता. याला आमची हरकत नाही. शेतमजुराच्या पोराने जगाचे राजकारण बोलावे, हे चांगलेच आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. आमची पोरे अमेरिका पाहतात ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी. मोबाईलवर जो व्हिडिओ येतो त्याच्यामागे कोण आहे, त्याला आपल्याकडून काय वदवून घ्यायचे आहे, हे कुणी विचारत नाही.

आंबेडकरी तरुणांत आम्हाला तीन प्रकारची मते ऐकू येतात. पहिले मत, "ट्रम्पसारखा मजबूत नेता पाहिजे, एका सहीत निकाल लावतो." दुसरे मत, "अमेरिका म्हणजे बाबासाहेबांचे विद्यापीठ, तिथे सगळे समान." आणि तिसरे मत जुन्या कार्यकर्त्यांचे, "इथे स्मशानभूमीला रस्ता नाही आणि तुम्ही अमेरिका कसली सांगता?" आम्ही स्पष्ट सांगतो, ही तिन्ही मते चळवळीच्या कामाची नाहीत.

तिसऱ्या मतापासून सुरुवात करू, कारण ते प्रामाणिक आहे. अमेरिकेचा आपल्याशी संबंध काय? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. पुण्यात बसून जोतीरावांना अमेरिकेचे यादवी युद्ध आपले वाटले. आपल्या नगरला तर अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते आणि मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनी इथेच येऊन पाहिली. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे जाणार आहे असे त्यांना कळले होते, तिची प्रत त्यांनी मागवली. आणि १९७२ साली मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने संघटनेला नाव दिले ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. यांच्यापैकी कुणालाही गावातले प्रश्न कमी नव्हते. तरी त्यांनी अमेरिका पाहिली, कारण दुसऱ्याची लढाई पाहून आपली लढाई शहाणी होते.

आता दुसरे मत. अमेरिकेत सगळे समान, हे कोणी सांगितले? २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेशातील वंशाचा विचार घटनाबाह्य ठरवला. पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेले सकारात्मक कृतीचे धोरण प्रवेशापुरते संपले. हे संपवायला कुणी काठ्या घेऊन आले नाही. गोड भाषेत सांगितले गेले की कायद्याला रंग दिसता कामा नये. ही भाषा ओळखीची वाटते ना? "जातच नको म्हणता, मग आरक्षण कशाला?" हा प्रश्न कॉलेजात ज्याला विचारला गेला नाही असा आपल्यातला एक तरी मुलगा दाखवा.

त्या निकालाची गंमत पुढे आहे. वडील त्याच विद्यापीठात शिकले म्हणून मुलाला झुकते माप द्यायची पद्धत अमेरिकेतल्या मोठ्या खासगी विद्यापीठांत आहे. मोठ्या देणगीदाराच्या मुलाचीही सोय होते. न्यायालयाच्या निकालाने या पद्धतीला हात लागला नाही. गुलामाच्या पणतूचा विचार केला तर गुणवत्तेचा बळी, आणि करोडपतीच्या नातवाचा विचार केला तर परंपरा! आपल्याकडे याचेच नाव मॅनेजमेंट कोटा. लाखो रुपये मोजून मेडिकलला बसणाऱ्याचे मेरिट कुणी विचारत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे वर्षभर न आल्याने मेस बंद झालेल्या पोराचे मेरिट मात्र सारा वर्ग तपासतो.

निकालाचा परिणामही लगेच दिसला. एमआयटी या नामांकित संस्थेत आधीच्या काही वर्षांत नव्या विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास होते. २०२४ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. एका वर्षात कृष्णवर्णीय मुलांची बुद्धी कमी झाली काय? बुद्धी तीच होती, दार बंद झाले.

पुढचा घाव जानेवारी २०२५ मध्ये बसला. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी नोकरीत भेदभाव करू नये आणि वंचितांना संधी द्यावी, असा अध्यक्ष जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश होता. ट्रम्प यांनी सत्तेवर येताच तो एका सहीने रद्द केला. साठ वर्षांचा आदेश एका दिवसात गेला. का गेला? कारण तो आदेश होता. जे सहीने मिळते ते सहीने जाते. बाबासाहेबांनी आपले प्रतिनिधित्व कुणा पंतप्रधानाच्या मेहेरबानीवर ठेवले नाही, ते संविधानाच्या कलमांत लिहिले. त्या दूरदृष्टीचे मोल आज अमेरिकेकडे पाहून कळते.

पण म्हणून निर्धास्त झोपायचे काय? मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात सांगून टाकले की बढतीत आरक्षण मागणे हा मूलभूत हक्क नाही, ते देणे राज्यावर बंधनकारक नाही. कलम १६(४) जागेवरच आहे, पण ज्या जागांवर ते लावायचे त्या जागाच कमी होत चालल्या आहेत. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला. राज्यभर ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ४५ वरिष्ठ पदे आरक्षणाशिवाय थेट भरायची जाहिरात दिली, तीही विरोधामुळे मागे घेतली. अमेरिकेत दार बंद केले, इथे दार उघडे ठेवून आतले घरच हलवत आहेत. दोन्ही वेळा जाहिरात आणि जीआर मागे गेले ते आपण बोललो म्हणून. बोललो नसतो तर?

आता जातीचे पाहू. जात विमानात बसून अमेरिकेला गेली, हे आता अमेरिकेलाच मान्य करावे लागते आहे. २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, ब्राह्मण कुटुंबातल्या. याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने आयेशा वहाब यांचे विधेयक मंजूर केले आणि ७ ऑक्टोबरला गव्हर्नर न्यूसम यांनी त्याला नकाराधिकार वापरून अडवले. कारण काय, तर आहे तो कायदा पुरेसा आहे!

या विधेयकाला विरोध कोणी केला ते नीट लक्षात ठेवा. १९६५ पूर्वी अमेरिकेने भारतीयांना दार जवळजवळ बंद ठेवले होते. कृष्णवर्णीयांनी लाठ्या खाल्ल्या, कुत्र्यांचे चावे सोसले, तुरुंग भरले, त्या नागरी हक्क चळवळीच्या वातावरणात १९६५ चा नवा स्थलांतर कायदा आला आणि भारतातले डॉक्टर-इंजिनिअर तिथे पोहोचले. दुसऱ्याच्या रक्ताने उघडलेल्या दारातून जे आत गेले, त्यांच्यातलेच काही जण आता दलितांसाठी खिडकी उघडू नका म्हणून अर्ज देतात. तिथे ते अल्पसंख्याक म्हणून संरक्षण मागतात आणि इथे व्हॉट्सॲपवर आरक्षण हटावचे मेसेज पाठवतात. याला आम्ही दुटप्पीपणा म्हणत नाही, याला आम्ही जात म्हणतो. जातीचा स्वभावच असा आहे की वरच्याकडे हक्क मागायचे आणि खालच्याला हक्क द्यायचे नाहीत.

आता पहिल्या मताकडे येतो, कारण ते सर्वांत घातक आहे. मजबूत नेता! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकी अध्यक्षीय पद्धत आणि संसदीय पद्धत यांची तुलना केली होती. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त आणि उत्तरदायित्व कमी, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व जास्त आणि स्थैर्य कमी, आणि आपण उत्तरदायित्व निवडत आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो किती खरा ठरला ते पाहा. ट्रम्पवर दोनदा महाभियोग आला, दोनदा सिनेटने सोडले. दुसऱ्या वेळी १०० पैकी ५७ जणांनी दोषी म्हटले तरी ६७ लागतात म्हणून सुटका. ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर चालून गेलेल्या प्रकरणातील सुमारे १५०० जणांना २० जानेवारी २०२५ ला एका सहीत माफी. एका सहीत निकाल लागतो तो असा! आणि "घुसखोर हाकलले" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी ५ फेब्रुवारी २०२५ आठवावा. त्या दिवशी अमृतसरला लष्करी विमानातून १०४ भारतीय उतरले. प्रवासभर त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. मजबूत नेत्याची काठी कुणाच्या पाठीवर पडेल हे टाळ्या वाजवणाऱ्याच्या हातात नसते. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला दिला होता. तो इशारा ट्रम्पच्या भक्तांना लागू आहे, दिल्लीच्या भक्तांना लागू आहे आणि आपल्या गटातटाच्या नेत्यांच्या भक्तांनाही लागू आहे.

मग अमेरिकेकडून घ्यायचे काय? आम्ही एक उदाहरण देतो. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल हा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मारला गेला. गोऱ्या बाईशी नीट वागला नाही, हा आरोप. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना सोडले. पुढे त्याच आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकात खुनाची कबुली दिली. २८ एप्रिल २०१४ रोजी आपल्या जामखेड तालुक्यातील खर्ड्यात नितीन आगे मारला गेला. वय १७. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा संशय. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून नऊही आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फिरले. मग नितीनला मारले कोणी, या प्रश्नाचे उत्तर त्या निकालाने दिले नाही.

इथपर्यंत दोन्ही गोष्टी एकसारख्या आहेत. फरक पुढे आहे. एमेटच्या आईने शवपेटी उघडी ठेवली आणि मुलाचा छिन्नविच्छिन्न चेहरा देशाला पाहायला लावला. त्याच डिसेंबरमध्ये माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांना अटक झाली. तिथल्या महिला संघटनेने रातोरात हजारो पत्रके काढली आणि कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. रोज कामाला जायचे कसे, याची गाड्यांची व्यवस्था लावली, थांबे ठरवले, पेट्रोलचा पैसा गोळा केला. मोर्चा एक दिवसाचा असतो, ही व्यवस्था ३८१ दिवसांची होती.

आपण काय केले? मोर्चे काढले, निवेदने दिली, फोटो टाकले आणि पुढच्या जयंतीच्या डीजेची वर्गणी गोळा करायला लागलो. साक्षीदार फिरला म्हणून त्याला शिव्या देणे सोपे आहे. तो ज्याच्या शेतात मजुरीला जातो, ज्याच्या दुकानातून उधारीवर किराणा आणतो, त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन रात्री त्याच गावात झोपणार कसा, याचा विचार चळवळीने केला का? कायद्याने केला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून कलम १५अ लागू आहे. पीडित आणि साक्षीदाराला संरक्षण, प्रवास आणि निर्वाहाचा खर्च, गरज पडल्यास दुसरीकडे पुनर्वसन, हे त्यात हक्क म्हणून लिहिले आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे, असा नियम आहे.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवस असते. श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पारनेर, प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज जाऊ द्या. मागच्या तीन वर्षांत समितीच्या बैठका किती झाल्या, इतिवृत्ते द्या, किती साक्षीदारांना प्रवासखर्च आणि संरक्षण दिले ते सांगा. जिथे खटला चालू आहे तिथे तारखेच्या दिवशी साक्षीदारासोबत कोर्टात चार जण जा. त्याची मजुरी बुडाली तर ती जयंतीच्या वर्गणीतून भरा. ज्याला गावात काम मिळेनासे झाले त्याला शेजारच्या गावात काम लावून द्या. माँटगोमेरीने जे पेट्रोलच्या पैशाने केले तेच हे आहे.

ट्रम्प राहील की जाईल, हे ठरवणारे मत आपल्याकडे नाही. नगरच्या कोर्टात पुढचा साक्षीदार टिकेल की फिरेल, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्यावर आहे. अर्ज या आठवड्यातच टाका आणि उत्तर आले की आम्हाला कळवा.

जय भीम!