जमातीचा हिशोब आणि गावाचा हिशोब

आमच्या मोहल्ल्यातील मशिदीच्या दाराशी एक फळा आहे. दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला त्यावर जमातीचा हिशोब लागतो. चंदा किती आला, इमामसाहेबांचा पगार किती, वीजबिल, हौदाची दुरुस्ती, हाती शिल्लक किती. नमाज झाली की चपला पायात सरकवता सरकवता लोक तो वाचतात आणि काही खटकले तर तिथेच विचारतात. मागे चटयांच्या खर्चावरून एका बुजुर्गांनी मुतवल्लीसाहेबांना सलग दोन जुम्मे सोडले नव्हते. पावती पाहिली, मगच ते गप्प झाले. मुतवल्लीसाहेबही रागावले नाहीत. "अमानतीचा पैसा आहे, लोक विचारणारच," एवढेच म्हणाले.

याच मोहल्ल्यातील प्रत्येक घर नगरपरिषदेला घरपट्टी आणि पाणीपट्टी देते. सगळ्यांची मिळून ती रक्कम जमातीच्या चंद्यापेक्षा कितीतरी मोठी होते. तो पैसाही अमानतच आहे. पण त्याचा हिशोब आमच्यापैकी कोणी कधी मागितला नव्हता. आम्ही स्वतः सहावीच्या वर्गात 'स्थानिक शासन संस्था' हा पाठ वर्षानुवर्षे शिकवला. तरी आमच्या गावाचे अंदाजपत्रक आम्हीही कधी उघडून पाहिले नव्हते.

ते पाहायला लावले शेजारच्या खालांनी. एका संध्याकाळी त्या घरपट्टीचे बिल घेऊन आल्या. "बेटा, हा कागद जरा वाच बरं. खालूजान होते तेव्हा तेच भरायचे. आता आकडा बघून माझं काळीजच हललं."

बिल वाचायला बसलो आणि पहिली गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे शास्ती. थकलेल्या घरपट्टीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. ऐकायला दोन टक्के काहीच नाही. पण समजा ६,००० रुपये थकले, तर महिन्याला १२० आणि वर्षाला १,४४० रुपये होतात. म्हणजे वर्षाला २४ टक्के. एवढा दर कोणी सावकार सांगू लागला, तर आपण त्याच्या दारातूनच परत फिरू. खालांनी तीन वर्षे बिल पेटीत ठेवून दिले होते आणि आकडा पेटीतल्या पेटीत वाढत होता.

दुसरी गोष्ट अशी, की घराच्या पुढच्या खोलीची नोंद अजून दुकान म्हणून होती. तिथे खालूंचे शिवणकाम चालायचे. ते गेल्यावर यंत्र विकले गेले आणि आता त्या खोलीत नातवंडे अभ्यास करतात. पण निवासी आणि बिगरनिवासी जागेची आकारणी वेगळी असते. शिवाय रोजगार हमी कर बिगरनिवासी जागेवरच लागतो. तोही खालांच्या बिलात होता.

बिलातील सगळा पैसा नगरपरिषदेकडे राहतही नाही. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे कर आहेत. नगरपरिषद ते फक्त वसूल करून सरकारी तिजोरीत भरते. त्यामुळे 'इतका कर घेतात आणि करतात काय' असे म्हणण्याआधी त्यातला कोणता कर कोणाचा, हे पाहायला हवे. खालांच्या वतीने आम्ही अर्ज लिहिला. सोबत बंद दुकानाचे पुरावे जोडले. चार खेपा झाल्या, पण नोंद बदलली. उरलेली रक्कम खाला आता हप्त्याने भरत आहेत.

दर चार वर्षांनी नगरपरिषद घरांची फेरआकारणी करते. तेव्हा नोटीस येते आणि हरकत घेण्याची मुदत असते. ती नोटीस मीटरच्या खोक्यामागे खोचून ठेवू नका. मुदत गेली की चुकीची आकारणीही पक्की होऊन बसते.

एवढ्यावर विषय संपला असता. पण पैसे भरून आल्यावर खाला म्हणाल्या, "मी तर भरते रे, पण नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतं. त्याचं काय?"

आमच्या गल्लीत नवी जलवाहिनी टाकणार, हे आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो होतो. नाक्यावर विचाराल तर एकच उत्तर मिळायचे, "पैसे आले होते, खाऊन टाकले." मशिदीच्या चटईची पावती मागणारा आमचा मोहल्ला इथे मात्र पावतीवाचूनच निकाल देऊन मोकळा होत होता.

आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला. पहिला अर्ज फसला, तो आमच्याच चुकीने. 'पाणीपुरवठ्यावरील सर्व खर्चाचा हिशोब द्यावा' असे लिहून दिले. उत्तर आले, माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहावी. वर्गात मुलांना आम्हीच सांगतो की प्रश्न नेमका विचारा, आणि स्वतः मोघम विचारून बसलो. दुसऱ्या अर्जात एकच काम घेतले. आमच्या प्रभागातील जलवाहिनी, मागील तीन वर्षे, अंदाजपत्रकातील तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च. आपल्या राज्यात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही माफ आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

अंदाजपत्रकाची पाने हाती आली. बहुतेक लोक पुढील वर्षाचा आकडा पाहतात, वर्तमानपत्रात छापून येतो तोही तोच. पण प्रत्येक ओळीला आणखी रकाने असतात. मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. पुढील वर्षाच्या रकान्यात असतो तो नुसता इरादा. काय घडले, ते प्रत्यक्षाच्या रकान्यात असते. आमच्या जलवाहिनीपुढे तिन्ही वर्षे तरतूद होती आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात तिन्ही वर्षे शून्य.

म्हणजे पैसे कोणी खाल्ले नव्हते. ते खर्चच झाले नव्हते, कारण ते आलेच नव्हते.

का आले नाहीत, हे लेखा विभागातील एका कर्मचाऱ्याने समजावून सांगितले. योजनेत सरकारचा पैसा मोठा असला तरी काही वाटा नगरपरिषदेने स्वतः घालायचा असतो. त्याला स्वहिस्सा म्हणतात. तो घालायला हवा तो स्वतःच्या उत्पन्नातून. आणि ते उत्पन्न आटलेले.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. आपल्या घरात 'जकात' म्हटले की रमजानमधील फर्ज आठवते, पण मराठीत नाक्यावरच्या करालाही जकातच म्हणतात. पूर्वी गावात येणाऱ्या मालावरच्या या जकातीवर नगरपरिषदा चालत. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येऊ लागले. त्यातला मोठा भाग पगारातच जातो. उरते ती घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांची भाडी. आमच्या गावात त्यांची मागणी जेवढी होती, त्याच्या निम्मीही वसुली झाली नव्हती.

मग थकबाकीदारांची यादी पाहिली. वरची नावे मोठ्यांची होती, बाजारातील मोक्याचे गाळे वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांची. त्यांच्या दारी वसुलीसाठी कोणी गेल्याचे दिसले नाही. तो दोष नगरपरिषदेचा, आणि तो आम्ही लेखी कळवला आहे. पण यादीत खाली उतरत गेलो तसतशी ओळखीची नावे येऊ लागली. आमचा मोहल्ला येऊ लागला. 'पाणी येत नाही तर पट्टी कशाला भरू' म्हणणारे आम्ही आणि 'पट्टी येत नाही तर वाहिनी कशी टाकू' म्हणणारी नगरपरिषद. दोघांच्या मध्ये खालांची घागर तिसऱ्या दिवसाची वाट पाहत होती.

अंदाजपत्रक 'शिलकी' आहे, 'करवाढ नाही', अशा बातम्या दरवर्षी येतात. हे शब्द वाचून लगेच खूश होऊ नये. जमेच्या बाजूला जे अनुदान धरले आहे, ते हाती आले आहे की नुसते अपेक्षित आहे? घरपट्टीची जमा मागच्या प्रत्यक्षाच्या दुप्पट धरली आहे का? तसे असेल तर ती शिल्लक कागदावरची. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचेही पाहावे. २०२१-२६ या काळात लहान शहरांसाठीच्या या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. ती चौक सुशोभीकरणाला वापरता येत नव्हती. हे अनुदान मिळण्यासाठी नगरपरिषदेने आपले लेखे लोकांना ऑनलाइन पाहता येतील असे ठेवले पाहिजेत, अशी अटच होती. म्हणजे हिशोब मागताना आपण कोणाकडून मेहेरबानी मागत नसतो.

कर्जाची ओळ तर कधीच वगळू नये. राज्य शासनाच्या परवानगीशिवाय स्थानिक संस्थेला कर्ज काढता येत नाही. पण परवानगी मिळाली म्हणजे कर्ज शहाणपणाचे ठरले, असे नाही. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले. मुदत दहा वर्षे, व्याज ७.५९ टक्के. म्हणजे वर्षाला सुमारे १५ कोटी १८ लाख नुसते व्याज. रोख्यांचे मोठे कौतुक झाले. पण कर्ज हाती आले तेव्हा मुख्य कामाच्या निविदांचाच वाद मिटला नव्हता. त्या रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. पाण्यासाठी कर्ज काढणे चूक नाही. पण खड्डा खणण्याआधी व्याज सुरू झाले तर त्याचा भार नागरिकावरच येतो. कर्ज ठरल्या मुदतीसह लिहून ठेवण्याबद्दलची आयत ही कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत आहे, हे आपण मुलांना सांगतो. घरातल्या उधारीला जी शिस्त लावतो, ती गावाच्या कर्जालाही लावावी. किती घेतले, कशासाठी, कधी फिटणार आणि हप्ता कोणत्या उत्पन्नातून जाणार?

आमच्या खेड्यातील वाचकांसाठी हे काम आणखी सोपे आहे. ग्रामपंचायतीत 'नमुना ८' म्हणजे कर आकारणीची नोंदवही. आपल्या घराची नोंद तिथे पाहावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांना आपल्यातील किती जण जातात? आपल्या भगिनी किती जातात? पंचायतीने उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. ते कशावर झाले, हे विचारायला कायद्याचे शिक्षण लागत नाही. घरचा महिन्याचा खर्च ज्या बाई चालवतात, त्यांना जमाखर्च कोणी शिकवायला नको.

आमच्या मोहल्ल्यात आता काय झाले? जलवाहिनी अजून आलेली नाही, उगाच गोड सांगत नाही. पण ज्यांना शक्य होते त्यांनी थकबाकी भरली. जे अडचणीत होते त्यांना जमातीच्या चार मंडळींनी हप्ते बांधून घ्यायला मदत केली. त्या पावत्यांच्या प्रती जोडून आम्ही नगरपरिषदेला पत्र दिले, की आमचा वाटा आम्ही घातला, आता तुमचा स्वहिस्सा कधी घालता ते लेखी कळवा. बाजारातील गाळ्यांच्या वसुलीबद्दलही विचारले. पत्रावर यंदा पहिल्यांदाच स्त्रियांच्या सह्या पुरुषांपेक्षा जास्त होत्या. सर्वांत वरची सही खालांची, उर्दूत.

शाळेतही थोडा बदल केला आहे. शेकडेवारीची उदाहरणे आता आम्ही आमच्याच नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातून देतो. पाणीपुरवठ्यावर एकूण खर्चाच्या किती टक्के? तरतुदीच्या किती टक्के प्रत्यक्ष खर्च झाला? मागच्या आठवड्यात एका मुलीने जलवाहिनीचे गणित सोडवले आणि वही पुढे करून विचारले, "उत्तर शून्य टक्के येतंय, बरोबर आहे का?" उत्तर बरोबर होते. आम्ही त्याच्यापुढे खूण केली.

आणखी एक. मशिदीच्या फळ्यावर जमातीच्या हिशोबाशेजारी आता आमच्या प्रभागाच्या पाच कामांचा कागद लागतो. कामाचे नाव, तरतूद, प्रत्यक्ष खर्च. चटयांची पावती मागणाऱ्या त्या बुजुर्गांनी पहिल्याच जुम्म्याला तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि आम्हाला बोलावून म्हणाले, "हे शून्य पुढच्या साली इथं दिसता कामा नये."

पुढच्या वर्षीचे प्रत्यक्षाचे रकाने आले, की जे असेल ते इथेच लिहू, इन्शाअल्लाह. तोवर तुमच्या गावाच्या अंदाजपत्रकातील एक ओळ, तुमच्या गल्लीची, शोधून ठेवा.