पाणबुडीचा श्वास आणि सरकारचे पाठबळ

अत्यावश्यक तंत्रज्ञान देशातच घडवण्यासाठी सरकारने पैसा लावावा का, या वादाचा एक ठोस दाखला बदलापूरच्या शेजारीच आहे. शहराला लागून असलेल्या अंबरनाथच्या औद्योगिक क्षेत्रात डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे एनएमआरएल, आहे. डिझेल-विद्युत पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की हवेसाठी तिला पृष्ठभागालगत यावे लागते आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूला सापडू शकते. एनएमआरएलची एआयपी, म्हणजे बाहेरच्या हवेविना चालणारी, प्रणाली फॉस्फोरिक आम्लाच्या फ्युएल सेलवर वीज तयार करते. त्यासाठी लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच निर्माण होतो, त्यामुळे तिचा पाण्याखालचा मुक्काम पुष्कळ वाढतो. या प्रणालीचा जमिनीवरील नमुना ८ मार्च २०२१ रोजी सिद्ध झाला.

पहिला आक्षेप असा की, अशी यंत्रणा परदेशातून विकत घेणे स्वस्त पडते. विक्रेता विकायला तयार असेल, तोवरच हा हिशेब खरा. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान भारताला देण्याचे थांबवले. त्याआधी महासंगणक नाकारला गेला होता. त्यातूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. नकाराची किंमत खरेदीच्या दरपत्रकात कधीच लिहिलेली नसते.

दुसरा आक्षेप दिरंगाईचा, आणि तो खोटा नाही. भारताची पहिली स्कॉर्पीन पाणबुडी आयएनएस कलवरी २०१७ मध्ये एआयपीविनाच नौदलात दाखल झाली. नमुना सिद्ध झाल्यानंतरही ही प्रणाली पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी करार व्हायला ३० डिसेंबर २०२४ उजाडला. त्या कराराची रक्कम सुमारे १,९९० कोटी रुपये आहे. मात्र या विलंबावरचा उपाय पाठबळ काढून घेणे हा नव्हे. सिद्ध झालेल्या यंत्राला ठरल्या मुदतीत पक्की मागणी देणे, हा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: संरक्षण मिळालेला उद्योग सुस्तावतो. परवाना राजच्या काळात तसे घडलेही. पण त्या धोरणाने बाजाराची दारे बंद ठेवली होती. कामगिरीची अट मात्र घातली नव्हती. २०२० पासूनच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनांमध्ये लाभ प्रत्यक्ष विक्रीशी जोडलेला आहे, तो याच धड्यातून.

खासगी उद्योगावर सारे सोपवावे, तर ज्या यंत्राला ग्राहक एकच आणि ज्याच्या संशोधनाला अनेक वर्षे लागतात, त्याची जोखीम एकटी कंपनी घेत नाही. एआयपीत लार्सन अँड टुब्रो सहभागी झाली, ती सरकारने मूळ संशोधनाचा भार उचलल्यामुळेच.

म्हणून पाठबळ हवेच, पण तीन अटींवर: संशोधनाला अखंड निधी, सरकार हाच पहिला खात्रीचा ग्राहक, आणि प्रत्येक टप्प्याची उघड तपासणी. या अटी पाळल्या गेल्या, तर अंबरनाथ-बदलापूरच्या लहान कारखान्यांनाही अचूक सुट्या भागांचे काम मिळू शकेल आणि प्रयोगशाळेत कमावलेले ज्ञान कामगाराच्या हातात उतरेल.